सिल्वासाची वाट हेगच्या न्यायासनासमोर

दमणच्या किनाऱ्यापासून सिल्वासाची वाट फार लांबची नाही. वापीचे रेल्वे स्थानक ओलांडले, दादरा मागे टाकले, म्हणजे दमणगंगेच्या खोऱ्यात वसलेले हे गाव येते. सारे अंतर चाळीस किलोमीटरही भरत नाही. आज या वाटेने जाणाऱ्यास कोणी थांबवीत नाही, कोणी परवाना विचारीत नाही. आपण हद्दीमागून हद्द ओलांडीत चाललो आहो, हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. परंतु याच वाटेसाठी एके काळी दोन राष्ट्रे जगाच्या न्यायासनासमोर उभी राहिली होती. हॉलंडमधील हेग येथील शांतिप्रासादात पंधरा न्यायाधीश या वाटेचा इतिहास चाळीत बसले होते, आणि त्यांच्यात मुंबईचे एक न्यायमूर्ती होते. महंमदअली करीम छागला हे त्यांचे नाव. त्या खटल्याची आणि त्या न्यायमूर्तींची हकीकत परस्परांत गुंतलेली आहे.

या वादाचे मूळ पेशवाईत आहे. १७७९ साल. वडगावच्या पराभवानंतर इंग्रजांशी चाललेले युद्ध अद्याप मिटले नव्हते. पुण्याच्या गादीवर सवाई माधवराव हे बालक होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. अशा वेळी गोव्याच्या पोर्तुगीजांनी इंग्रजांस मिळू नये, हे पुणे दरबारास अगत्याचे वाटत होते. शिवाय मराठी आरमाराकडून 'सांताना' या पोर्तुगीज जहाजाचे जे नुकसान झाले होते, त्याच्या भरपाईचा प्रश्नही भिजत पडला होता. त्या वर्षीच्या १७ डिसेंबरच्या तहात दमणनजीकचा बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख पोर्तुगीजांस तोडून देण्याचे कलम आले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली परगण्याची गावे आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्या ताब्यात गेली. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली आणि भोवतालच्या मुलखावर इंग्रजांचा अंमल बसला. पोर्तुगीजांची ही गावे मात्र चारी बाजूंनी परक्या राज्याने वेढलेली, समुद्रापासून तुटलेली, तशीच राहिली. दमणच्या गव्हर्नरास सिल्वासास जावयाचे असेल, तर इंग्रजांच्या हद्दीतून गेल्यावाचून गत्यंतर नव्हते. तो जात असे. त्याचे अधिकारी जात, व्यापारी जात, मालाच्या गाड्या जात. सव्वाशेहून अधिक वर्षे हे असेच चालले होते.

१९४७ साली इंग्रज गेले. पोर्तुगीज जावयास तयार नव्हते. १९५४ च्या पावसाळ्यात या वनप्रदेशात निराळेच वारे वाहू लागले. २२ जुलैच्या सुमारास दादऱ्याची पोर्तुगीज चौकी पडली. त्यानंतर आठवडाभरात नरोली स्वतंत्र झाली, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासावरील पोर्तुगीज निशाण उतरले. आझाद गोमंतक दलाचे व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते, गोव्यातून बाहेर पडलेले राष्ट्रवादी आणि महाराष्ट्रातील तरुण या मोहिमेत होते. मराठी माणसास ज्यांचा गळा परिचित आहे ते सुधीर फडकेही त्यांच्यात होते. सिल्वासाचा पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह दक्षिणेकडील रानात निघून गेला आणि ११ ऑगस्टला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. दमणहून कुमक पाठविण्यासाठी पोर्तुगालने वाट मागितली. भारताने ती नाकारली. दमण आणि सिल्वासा यांमधील चार पावलांची वाट बंद झाली, आणि तीच पुढे साऱ्या खटल्याचा विषय ठरली.

पोर्तुगालने न्यायालयाची वाट धरली ती मोठ्या शिताफीने. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले. १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य असल्याचे जाहीर केले. २२ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांनी, भारताविरुद्धचा अर्ज हेगच्या दप्तरी दाखल झाला. भारताने १९४० सालीच, म्हणजे इंग्रजी अमदानीत, या न्यायालयाच्या पूर्वीच्या अवताराचे अधिकारक्षेत्र स्वीकारलेले होते. ते मान्यपत्र भारताच्या अंगी तसेच चिकटून राहिले होते आणि पोर्तुगालने नेमका त्याचाच आधार घेतला.

आता प्रश्न आला न्यायासनाचा. आंतरराष्ट्रीय न्यायालयात पंधरा न्यायाधीश असतात. त्या वेळी त्यांत भारताचा कोणी नव्हता आणि पोर्तुगालचाही नव्हता. भारताचे बेनेगल नरसिंह राव १९५२ साली त्या न्यायासनावर बसले होते. परंतु दुसऱ्याच वर्षी त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी पाकिस्तानचे सर महंमद जाफरुल्लाखान निवडून आले. ज्या पक्षकार राष्ट्राचा न्यायाधीश न्यायासनावर नसेल, त्याने त्या एका खटल्यापुरता आपला न्यायाधीश नेमावा, अशी न्यायालयाच्या संविधीत तरतूद आहे. अशा न्यायाधीशास तदर्थ न्यायाधीश म्हणतात. पोर्तुगालने मानुएल फर्नांडिस यांस नेमले. भारताने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांस.

सामान्य माणसास ही तरतूद विचित्र वाटेल. गावच्या पंचांत वादीचा एक आणि प्रतिवादीचा एक असे दोन पंच बसले, तर त्यांची मते एकमेकांस खाऊन टाकणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. शिवाय या दोघांनाही इतर तेरा-पंधरा जणांप्रमाणेच निःपक्षपाताची शपथ घ्यावी लागते. ज्याने नेमले त्याचे मीठ आणि जी घेतली ती शपथ, या दोहोंमध्ये तदर्थ न्यायाधीशाने नेमके कोठे उभे राहावयाचे? छागला यांच्या आयुष्याकडे पाहिले, तर हा प्रश्न त्यांस पूर्वीही निरनिराळ्या रूपांनी भेटला होता, असे दिसून येते.

३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत एका खोजा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून ते ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात गेले आणि तेथे त्यांनी इतिहास हा विषय घेतला. १९२२ साली बॅरिस्टर होऊन ते परतले आणि महंमदअली जिना यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. हे जिना अद्याप पाकिस्तानचे जिना झालेले नव्हते. १९१६ साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या आरोपात मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांची बाजू मांडून ती जिंकणारे ते जिना होते. छागला मुस्लिम लीगमध्ये गेले ते याच जिनांच्या मागोमाग. परंतु १९२८ साली नेहरू अहवालाचा प्रश्न आला, तेव्हा गुरूची वाट एक आणि शिष्याची दुसरी झाली. लीग सोडावी लागली, चेंबरही सुटले. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याच्याशी मतभेद झाला असता आपले मत सोडावयाचे नाही, हा पाठ त्यांनी अठ्ठाविसाव्या वर्षी गिरविला. याच सुमारास ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात अध्यापन करीत होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्याच महाविद्यालयात शिकवीत असत.

१९४१ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि स्वातंत्र्यानंतर मुख्य न्यायाधीश. सुमारे अकरा वर्षे ते त्या पदावर होते. आंतरराष्ट्रीय व्यवहाराशी त्यांचा पहिला प्रत्यक्ष संबंध १९४६ साली आला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवरील अन्यायाचा प्रश्न भारताने मांडला, तेव्हा विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळात छागला होते. दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स यांचे म्हणणे असे, की हा आमचा घरगुती प्रश्न आहे, त्यात परक्यांनी पडू नये. आणि पडावयाचेच असेल तर आधी हेगच्या न्यायालयाचे मत घ्यावे. भारताने दोन्ही म्हणणी खोडून काढली. हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कारण अकरा वर्षांनी हेगमध्ये 'हा आमचा घरगुती प्रश्न आहे' असे म्हणण्याची पाळी भारतावर आली, आणि ते म्हणणे तोलण्यासाठी बसलेल्यांत छागला होते.

मुंबईच्या न्यायासनावरील त्यांच्या कारकिर्दीतील आणखी एक प्रसंग या हकीकतीशी जवळचा आहे. जुलै १९५६ मध्ये टिळकांच्या जन्मशताब्दीनिमित्त उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात १९०८ साली टिळकांस सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्याच दालनाबाहेर टिळकांचे उद्गार कोरलेली शिला बसविण्यात आली. तिचे अनावरण मुख्य न्यायाधीश म्हणून छागलांनी केले. त्या खटल्यात कायद्याचे सोपस्कार पाळले गेले होते. परंतु न्याय झाला नव्हता, असे त्यांनी त्या वेळी उघडपणे मान्य केले. ज्या न्यायालयाचे आपण प्रमुख, त्या न्यायालयाची चूक त्याच्याच भिंतीसमोर उभे राहून कबूल करणे ही लहान गोष्ट नव्हे. कायद्याचे अक्षर आणि न्याय यांत अंतर पडू शकते, हे ज्यास ठाऊक आहे असा माणूस वर्षभराने हेगच्या न्यायासनावर बसणार होता.

सप्टेंबर १९५७ मध्ये खटल्याची पहिली फेरी सुरू झाली. भारताच्या वतीने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी न्यायालयाच्या अधिकारालाच हरकत घेतली. सहा प्राथमिक आक्षेप होते. पोर्तुगालचे मान्यपत्र अटींनी इतके पोखरलेले आहे की ते मान्यपत्रच नव्हे. त्या मान्यपत्राची प्रत भारताच्या हाती पडण्यापूर्वीच अर्ज दाखल झाला. दावा लावण्यापूर्वी वाटाघाटी झाल्या नाहीत. घाईघाईने दावा लावण्यात अधिकाराचा दुरुपयोग आहे. हा विषय भारताच्या अंतर्गत अखत्यारीतला आहे. आणि वादाचे मूळ १९३० पूर्वीचे असल्याने भारताच्या मान्यपत्राच्या कक्षेत ते बसत नाही. अशी ती सहा अंगे होती. २६ नोव्हेंबर १९५७ रोजी निकाल लागला. पहिले चार आक्षेप न्यायालयाने मोठ्या बहुमताने फेटाळले आणि शेवटचे दोन मुख्य खटल्याबरोबर विचारात घेण्यासाठी राखून ठेवले. छागलांनी आपले भिन्न मत निकालास जोडले. म्हणजे पहिल्या फेरीत भारत हरला आणि भारताने नेमलेला न्यायाधीशही अल्पमतात राहिला.

येथे भारतास दुसरा मार्ग मोकळा नव्हता असे नाही. सिल्वासा हाती नसले तरी पोर्तुगालच्या हातीही नव्हते. न्यायालयाकडे पाठ फिरवून बसले असते, तर कोणी सैन्य पाठविणार नव्हते. स्वतंत्र होऊन दहाच वर्षे झालेल्या राष्ट्राने, वसाहतवाद्याच्या अर्जावरून चाललेल्या खटल्यात, पहिला डाव हरल्यावरही दुसऱ्या फेरीस उभे राहावयाचे ठरविले, ही त्या काळाची एक फारशी न उल्लेखिलेली गोष्ट आहे.

दुसऱ्या फेरीपूर्वी छागलांच्या आयुष्यात मोठा पालट झाला. सप्टेंबर १९५८ मध्ये त्यांनी मुख्य न्यायाधीशपद सोडले आणि त्याच वर्षी ते भारताचे राजदूत म्हणून अमेरिकेत गेले. त्याच वर्षी विधी आयोगाचा चौदावा अहवाल बाहेर पडला होता. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी नेमणुका स्वीकारू नयेत, असा त्याचा कल होता. त्या आयोगाचे अध्यक्ष सेटलवाड होते आणि सभासदांत छागला होते. सेटलवाडांस ही नेमणूक रुचली नाही, आणि त्यांनी आपली नापसंती पुढे आत्मचरित्रात नोंदविली. १९५९ च्या सप्टेंबरात जेव्हा शांतिप्रासादात मुख्य सुनावणी सुरू झाली, तेव्हा भारताची बाजू मांडावयास सेटलवाड उभे होते आणि न्यायासनावर छागला बसले होते. एक राष्ट्राचा वकील, दुसरा राष्ट्राचा राजदूत असूनही त्या दालनात न्यायाधीश! न्यायालयाच्या कायम न्यायाधीशास राजकीय पद धारण करता येत नाही. परंतु तदर्थ न्यायाधीशास तो निर्बंध लागू नाही. म्हणून नियमाच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. तथापि कायद्यास जे खपते ते औचित्यासही खपतेच असे नाही, हे सांगण्याचा अधिकार टिळकांच्या शिलेपाशी बोलणाऱ्या माणसाइतका दुसऱ्या कोणास होता? छागलांच्या चरित्रातील ही सावली आहे, आणि ती झाकून त्यांचे चित्र काढणे योग्य होणार नाही.

सुनावणी २१ सप्टेंबरपासून ६ नोव्हेंबरपर्यंत चालली. न्यायासनावर तेरा कायम न्यायाधीश होते. नॉर्वेचे क्लेस्टाड अध्यक्ष, जाफरुल्लाखान उपाध्यक्ष. चीनचे वेलिंग्टन कू, रशियाचे कोझेव्हनिकोव्ह, ऑस्ट्रेलियाचे सर पर्सी स्पेंडर, अर्जेंटिनाचे मोरेनो किंताना असे नाना देशांचे विधिज्ञ त्यांत होते. त्यांच्यासमोर जे कागद ठेवले गेले, त्यांत पेशवाईतील मराठी लेख होते. तहाचा पोर्तुगीज मसुदा एक सांगत होता आणि मराठी लेख दुसरेच. पोर्तुगालचे म्हणणे, की पेशव्यांनी आम्हांस ही गावे सार्वभौमत्वासह दिली. भारताचे म्हणणे, की मुळात तहच पुरा झालेला नाही, आणि दिले असेल तर ते केवळ उत्पन्न. जहागीर, सरंजाम, सनद, परगणा हे शब्द शांतिप्रासादात घुमू लागले.

छागलांस हे शब्द परके नव्हते. ज्या उच्च न्यायालयात त्यांनी सतरा वर्षे काढली, तेथे इनामे, वतने आणि सरंजाम यांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. १९५२ साली मुंबई सरकारने सरंजाम व राजकीय इनामे परत घेण्याचे नियम केले, तेव्हा ते तेथे मुख्य न्यायाधीश होते. सरंजामदार गावाचा वसूल घेतो, बंड झाले तर मोडतो, पण गावाचा राजा होत नाही, हा भेद सातारा-पुण्याकडील कुळकर्ण्यासही ठाऊक असतो. वॉर्सा किंवा माँटेव्हिडिओच्या विधिपंडितास तो समजावून घ्यावा लागतो. न्यायालयाचा आपसांतील विचारविनिमय गुप्त असतो, आणि तेथे कोणी कोणास काय सांगितले हे कधीच बाहेर येत नाही. परंतु तदर्थ न्यायाधीशाची तरतूद ज्या हेतूने करण्यात आली, त्यातील एक हेतू हाच आहे, की दूरदेशीच्या लोकांचा रिवाज जाणणारा एक तरी माणूस निर्णयाच्या खोलीत असावा.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल वाचला गेला. पेशवाईच्या तहाविषयी न्यायालयाने जे म्हटले, ते मराठी वाचकाने मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस झालेला तह आजच्या रीतिरिवाजांच्या कसोटीस लावता येणार नाही. मराठ्यांनी स्वतः तो बंधनकारक मानला आणि अमलात आणला, म्हणून तो वैध आहे, असे न्यायालयाने ठरविले. या मुद्द्यावर भारत हरला. परंतु पुणे दरबाराच्या शब्दाची किंमत जगाच्या न्यायालयात नोंदली गेली. मात्र त्यातून पोर्तुगीजांस मिळाले काय? मराठ्यांस जेव्हा सार्वभौमत्व द्यावयाचे असे, तेव्हा ते तसे स्पष्ट शब्द वापरीत. येथे ते शब्द नाहीत. येथे जे दिले ते बारा हजारांच्या उत्पन्नाची जहागीर अथवा सरंजाम. आणि अशा देणगीने मुलखाचे राज्य हस्तांतरित झाल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आलेले नाही. या मुद्द्यावर भारत जिंकला.

पण इतिहास तेथेच थांबला नव्हता. इंग्रज आले तेव्हा त्यांस पोर्तुगीज त्या गावांत पूर्ण सत्ता चालवीत असलेले आढळले. त्यांनी ती सत्ता उघडपणे मान्य केली नाही, तशीच नाकारलीही नाही. त्यामुळे पोर्तुगालचे सार्वभौमत्व व्यवहारात मान्य झाले आणि स्वतंत्र भारतानेही ते मूकपणे चालू दिले, असे न्यायालयाचे मत पडले. सरंजाम म्हणून दिलेले गाव केवळ नंतरच्या धन्याच्या मौनामुळे राज्य बनले!

आणि वाट? येथे खटल्याचे मर्म होते, आणि ते कोकणातील किंवा देशावरील कोणत्याही शेतकऱ्यास समजेल. शेजाऱ्याच्या शेतातून आपल्या शेताकडे जाणारी पायवाट वर्षानुवर्षे वापरली, म्हणजे तिचा हक्क झाला काय? शेजारी भला म्हणून जाऊ देत होता, की त्यास जाऊ देणे भागच होते? वहिवाटीच्या प्रत्येक दाव्यात हाच प्रश्न असतो. मर्जीने मिळालेली वाट ही एक गोष्ट आणि हक्काची वाट ही दुसरी. न्यायालयाने कागद चाळून असा निर्णय दिला, की खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांची ये-जा सव्वाशे वर्षे अखंड चालत आली. ती वहिवाट हक्काच्या पदवीस पोचली होती, परंतु ती भारताच्या नियंत्रणाच्या अधीन होती. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांची गोष्ट निराळी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात एकाच्या सैन्याने दुसऱ्याच्या हद्दीत ठराविक प्रसंगांवाचून अथवा रीतसर विनंतीवाचून जाऊ नये असे ठरले होते. तो करार संपल्यावरही परवानगीची रीत चालूच राहिली. म्हणून तेथे हक्क नव्हता, मर्जी होती. शेवटचा प्रश्न १९५४ च्या अडवणुकीचा. दादऱ्यातील उठावानंतर मुलखात जी क्षुब्धता पसरली होती ती पाहता वाट बंद करणे हे नियंत्रणाच्या अधिकारात बसते; म्हणून भारताने कर्तव्यभंग केला नाही.

मते कशी पडली ते पाहण्यासारखे आहे. मुलकी वाहतुकीचा हक्क १९५४ साली होता, असे अकरा म्हणाले, चौघे नाही म्हणाले. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे नऊ म्हणाले, सहा विरुद्ध गेले. आणि सशस्त्र सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नव्हता, असे म्हणणारे आठ होते व विरुद्ध सात. एका मताचा फरक! ते एक मत पलीकडे पडते, तर स्वतंत्र भारताच्या भूमीवरून पोर्तुगीज बंदुका नेण्याचा हक्क होता, अशी नोंद आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पोथीत कायमची झाली असती.

छागलांनी या निकालासही भिन्न मत जोडले. भारत निर्दोष आहे, हा निष्कर्ष त्यांस मान्य होता. परंतु मुलकी वाहतुकीपुरताही पोर्तुगालचा हक्क सिद्ध झालेला नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. फर्नांडिस यांनी दुसऱ्या टोकाचे भिन्न मत दिले. मोरेनो किंताना यांनीही आपले वेगळे मत लिहून, वसाहतींच्या अस्तकाळी अशा दाव्यास मान्यता देण्याचा अर्थ काय होतो, याकडे लक्ष वेधले.

तेव्हा दोन तदर्थ न्यायाधीशांची मते अखेर आपापल्या राष्ट्रांच्या बाजूसच पडली, हे कबूल केले पाहिजे. यावरून कोणी म्हणेल, की मग शपथेचा अर्थ काय उरला? या आक्षेपास एकच उत्तर देता येते. न्यायाधीशाच्या निःपक्षपाताची परीक्षा त्याचे मत कोणत्या बाजूस पडले यावर करावयाची नसते. ते मत कारणांनी उभे आहे की नाही यावर करावयाची असते. पक्षाचा माणूस मत देऊन मोकळा होतो. न्यायाधीशास कारणे लिहून ठेवावी लागतात; आणि ती कारणे छापून जगापुढे राहतात, ज्यास ती तपासावयाची असतील त्याने तपासावीत म्हणून. छागलांनी दोन्ही वेळा आपली कारणे लिहिली आणि दोन्ही वेळा अल्पमतात राहणे पत्करले. १९२८ साली गुरूपासून वेगळे होताना, १९५६ साली टिळकांच्या शिलेपाशी, आणि हेगच्या न्यायासनावर, त्यांची रीत एकच दिसते. जे पटले ते कारणांसह उघड सांगावे आणि त्याची जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावी, ही ती रीत होय. राजदूतपदाचा स्वीकार हा त्या रीतीस लागलेला एक वादग्रस्त अपवाद मानावा की नाही, हे वाचकाने ठरवावयाचे आहे.

परंतु या साऱ्या खटल्यात एक आवाज मात्र ऐकू आला नाही. तो सिल्वासाचाच. नगर हवेलीच्या रानातील वारली, कोकणा, धोडिया, कातकरी यांची वस्ती पोर्तुगालच्या अर्जात नव्हती आणि भारताच्या उत्तरातही केवळ ओझरती होती. न्यायालयाने वाटेचा निकाल दिला. त्या वाटेच्या टोकाशी राहणाऱ्या माणसांस कोणाचे राज्य हवे, हा प्रश्न त्यापुढे नव्हताच. उठाव कोणी केला, त्यामुळे सत्ता कोणाकडे गेली, याचाही निवाडा त्याने केला नाही. आंतरराष्ट्रीय कायदा त्या काळी राष्ट्रांशी बोलत असे, माणसांशी क्वचित. भारताचा न्यायाधीश तेथे होता, पोर्तुगालचा होता. वारल्यांचा तदर्थ न्यायाधीश नेमण्याची तरतूद कोणत्याही संविधीत नव्हती.

तो आवाज दुसरीकडे उमटला. १९५४ पासून सात वर्षे हा मुलूख स्वतःच्या वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली होता. धड पोर्तुगालचा नाही आणि अद्याप भारताचाही नाही, अशी त्याची स्थिती होती. हेगचा निकाल लागेपर्यंत दिल्लीने विलीनीकरणाचे पाऊल उचलले नाही. जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. त्या वर्षीच्या ११ ऑगस्टला करार झाला. त्यावर पंतप्रधान नेहरूंच्या समोर सही करावयास दादरा-नगर हवेलीच्या वतीने एक प्रमुख हवा होता. तेव्हा तेथील प्रशासक बदलानी यांस एका दिवसापुरते त्या मुलखाचे पंतप्रधान करण्यात आले. संविधानाच्या दहाव्या दुरुस्तीने हा प्रदेश भारताचा संघराज्य-क्षेत्र झाला. चार महिन्यांनी गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने मात्र ही वस्तुस्थिती १९७४ अखेरच्या तहातच मान्य केली. २०२० च्या जानेवारीत दमण व दीव आणि दादरा-नगर हवेली यांचे एकच क्षेत्र करण्यात आले. ज्या दोन टोकांमधील वाटेसाठी एवढा खटला झाला, ती दोन्ही टोके आता एकाच कारभाराखाली आली आहेत.

छागला पुढे लंडनला उच्चायुक्त झाले, १९६३ मध्ये केंद्रात शिक्षणमंत्री, नंतर परराष्ट्रमंत्री. १९६७ साली विद्यापीठीय शिक्षणाच्या भाषा-माध्यमाच्या धोरणावर मतभेद झाला आणि त्यांनी मंत्रिपद सोडले. आणीबाणीच्या काळात, पंचाहत्तरी गाठलेली असताना, नागरिकांच्या हक्कांसाठी ते जाहीर व्यासपीठावर उभे राहिले. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे हेगमधील मत अल्पमतच राहिले. कायद्याचे विद्यार्थी आज हा खटला अभ्यासतात तो बहुमतासाठी. दोनच राष्ट्रांमध्येही वहिवाटीने कायदा निर्माण होऊ शकतो, या तत्त्वासाठी. परंतु आणखी एक धागा शिल्लक आहे. १९६१ च्या कायद्याने दादरा-नगर हवेलीवर अधिकार चालविण्यासाठी जे उच्च न्यायालय नेमले गेले, ते मुंबईचे. सिल्वासाच्या एखाद्या वारल्यास आपल्या जमिनीसाठी वा वाटेसाठी वरच्या न्यायालयात दाद मागावयाची असेल, तर तो त्याच इमारतीत जातो, जेथे टिळकांचे शब्द कोरलेली शिला आहे. तेथे तो स्वतःच्या नावाने उभा राहतो. त्यास आता दोन राष्ट्रांच्या भांडणातील एक मूक वस्तू म्हणून बाजूस बसावे लागत नाही. शांतिप्रासादात ज्याची जागा नव्हती, त्याची जागा येथे आहे.